फिफ्थ व्हीलच्या मागचा सायकल रॅक सारखा ढिला होतोय? आधी बंपरखाली वाका

फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे पिकअपला जोडून ओढायच्या मोठ्या राहायच्या ट्रेलरच्या, मागे सायकल रॅक लावलाय, चांगला आवळलाय, निघताना हलवून बघितला तर जागचा हलत नाही, आणि दोनतीनशे मैलांवर गॅस स्टेशनला उतरून बघावं तर सायकली एका बाजूला कललेल्या, रॅकला हात लावला की खडखड. परत आवळा, परत निघा, पुढच्या स्टॉपला परत तेच. हा त्रास इतका कॉमन आहे की कॅम्पग्राउंडवर कुणी ट्रेलरच्या मागे पाना घेऊन उकिडवं बसलेलं दिसलं की काय चाललंय ते विचारावं लागत नाही.

बहुतेक लोक पहिलं काय करतात तर रॅक बदलतात. स्वस्तातला होता म्हणून हलत होता असं समजून दुप्पट पैशांचा घेतात, तो आणखी जड असतो, आणि मग तो दुप्पट खडखडतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रॅक ढिला होतो तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा रॅकची चूक नसते, रॅक ज्याला पकडून उभा आहे त्याची असते, आणि ती वस्तू बघायला जमिनीवर आडवं पडावं लागतं म्हणून कुणी बघत नाही.

हे सगळं अमेरिकेतल्या फिफ्थ व्हीलबद्दल लिहितोय, म्हणजे ज्याच्या नाकाखालची जाड पिन (किंग पिन) पिकअपच्या हौद्यातल्या जोडणीत अडकते असा मोठा ट्रेलर. पिकअपच्या मागच्या बॉलवर (लोखंडी गोळ्यावर) ओढायच्या साध्या ट्रॅव्हल ट्रेलरला यातलं बरंच लागू आहे पण सगळं नाही, तो फरक पुढे येईल.

आधी मागे नक्की होतं काय ते सांगतो. एसटीत शेवटच्या सीटवर बसून प्रवास केला असेल तर हे वेगळं समजवायला नको, त्याच खड्ड्यात मधल्या सीटवरचा माणूस नुसता हलतो आणि मागचा डोकं टपाला लागेपर्यंत उडतो. फिफ्थ व्हीलचंही तेच, ॲक्सल साधारण मध्याच्या मागे, त्याच्या मागे दहाबारा फूट ट्रेलर अधांतरी, आणि त्या शेंड्यालाही दोन फूट बाहेर तुमच्या सायकली. त्यात बहुतेक ट्रेलरना नुसत्या पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, शॉक ॲब्सॉर्बर कंपनीकडून येतच नाहीत, म्हणजे एकदा उसळलं की ते थांबवायला काही नाही. काँक्रीटच्या हायवेवर दर काही फुटांवर सांधा येतो, धप धप धप, आणि प्रत्येक धप्पला सायकली वर जाऊन खाली आपटतात. कारच्या मागे ज्या रॅकने वर्षानुवर्षं हूं की चूं केलं नाही तो इथं एका उन्हाळ्यात हात टेकतो तो यामुळे. म्हणूनच बरेच रॅकवाले मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहून ठेवतात की ट्रेलरच्या मागे लावला तर वॉरंटी नाही. ती ओळ वाचा, खरंच वाचा.

आणि नुसतं वजन बघून चालत नाही. दोन इ-बाइक धरा प्रत्येकी ६५ पाउंड, रॅक ६० पाउंड, झाले १९० पाउंड, म्हणजे ८६ किलो. वाटतं एका माणसाएवढं वजन, त्यात काय. पण हे वजन रिसीव्हरपासून, म्हणजे रॅकचा पाइप जिच्यात घुसतो त्या चौकोनी नळीपासून, सरासरी २० इंच बाहेर लटकतंय, म्हणजे पीळ झाला सव्वातीनशे फूट-पाउंडच्या आसपास, तोही गाडी उभी असताना. धक्का बसला की तो क्षणभर दुप्पट किंवा त्याच्याही वर जातो. चाकाचे नट आपण साधारण १२० फूट-पाउंडला आवळतो, त्यावरून अंदाज घ्या. बंपरवर हा जो पीळ पडतो तो त्याला खाली दाबत नाही, गोल फिरवायला बघतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आता प्ले, म्हणजे सांध्यातली ढिली हालचाल, कुठे आहे ते शोधायचं. सायकली रॅकवर चढवलेल्याच राहू द्या, एकाने लांबची सायकल सीटजवळ धरून हळूहळू वरखाली हलवायची, मग डावीउजवीकडे, आणि दुसऱ्याने खाली बसून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटाला लगेच कळतं. सांधा घट्ट असेल तर दोन्ही भाग बोटाखाली एकत्र हलतात, ढिला असेल तर बोट चिमटल्यासारखं होतं. बाहेरून आत जायचं, आधी सायकल आणि ट्रे (चाक ठेवायची पन्हळ), मग ट्रे आणि रॅकचा मधला दांडा, मग रॅकचा चौकोनी पाइप रिसीव्हरमध्ये जातो ती जागा, मग रिसीव्हर आणि बंपर किंवा फ्रेम, आणि शेवटी बंपर आणि फ्रेम. घाई असेल तर शेवटचे दोन आधी बघा.

ट्रेमध्ये सायकल हलत असेल तर ते सोपं आहे. बहुतेक वेळा चाकाचा पट्टा झिजलेला असतो किंवा रुंद टायरला अरुंद ट्रे. टायर दाबून धरणारा हुक असेल तर तो टायरला टेकूनच बसला पाहिजे, फ्रेमला पकडणारा असेल तर कार्बन फ्रेमला तो वापरू नका, एवढंच. दांड्याला घडी घालायचा बिजागरा असतो त्यातही प्ले येतो, तिथला बोल्ट आवळायचा असतो हे कित्येकांना माहीतच नसतं कारण ती पिन नुसती ओढायची असते असं वाटतं.

रिसीव्हरमधला प्ले मात्र सगळ्यांनाच असतो. २ इंचाचा रिसीव्हर आणि २ इंचाचा पाइप म्हणजे आत थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते, नाहीतर तो आत जाणारच नाही. आणि नुसती साधी ५/८ इंची पिन घालून क्लिप लावली तर ती पिन फक्त रॅक पडू देत नाही, हलायचं थांबवत नाही. यावर लोक आट्यांची पिन घालतात, ती पाइपला एका बाजूच्या भिंतीला खेचून धरते, त्याने डावीउजवी हालचाल थांबते पण वरखाली थोडी राहते. यू आकाराचा क्लॅम्प मिळतो, रिसीव्हरच्या तोंडाला बाहेरून पाइपसकट आवळायचा, तो वरखाली थांबवतो. फिफ्थ व्हीलवर मी दोन्ही लावा म्हणेन, दोन्ही मिळून काही फार खर्च नाही. पाचर फुगणारे रॅक आले आहेत, त्यांच्या पाइपच्या टोकालाच पाचर असते आणि नॉब फिरवला की ती आत कोपऱ्यात रुतते, ते छान काम करतात पण पहिल्या ५० मैलांनी थांबून परत एकदा आवळायचंच. गंजलेल्या रिसीव्हरमध्ये पाचर नीट रुतत नाही, आधी आतून तारेच्या ब्रशने घासून घ्या.

दोन इंचाच्या रिसीव्हरमध्ये सव्वा इंचाचा रॅक बसवायला जी स्लीव्ह मिळते ती कृपा करून इथं घालू नका. एकाच्या जागी दोन ढिले सांधे होतात. तसंच एक्स्टेन्शन. मागच्या शिडीला पेडल लागतंय म्हणून लोक ८–१० इंचाचं एक्स्टेन्शन घालतात, आणि रॅक आणखी बाहेर गेला की वर सांगितलेला पीळ दीडपट. एक्स्टेन्शन घातलं की रिसीव्हरचं रेटिंग अर्धं धरा असं एक्स्टेन्शनवाले स्वतःच लिहितात. त्यापेक्षा सायकलीची सीट खाली करा, हँडल वळवा, एक सायकल उलट तोंडाने लावा, पेडल काढून ठेवा. पेडल काढायला पाना लागतो १५ चा, आणि डावीकडच्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा म्हणजे शिव्या कमी द्याव्या लागतील.

आता मुख्य आरोपी, बंपर.

बऱ्याच ट्रेलरना मागे ४ इंचाचा चौकोनी पोकळ बंपर असतो, त्याला दोन्ही टोकांना प्लास्टिकची टोपणं आणि आत सांडपाण्याचा होज. होज ठेवायची नळी म्हणूनच तो बनवलाय असं समजा. पत्रा पातळ असतो आणि फ्रेमला तो दोन जागी, छोट्याशा वेल्डवर किंवा दोन पट्ट्यांवर धरलेला असतो. त्याला विळखा घालणारे यू बोल्ट मारून रिसीव्हर लावायचं किट सगळीकडे मिळतं, बॉक्सवर लिहिलेलं वजनही बरं असतं, पण ते वजन किटचं आहे, बंपरचं नाही, आणि बंपर फ्रेमला ज्या वेल्डने चिकटलाय त्याचं तर अजिबातच नाही. काही ट्रेलरना बंपरवर कंपनीचा स्टिकरच असतो की यावर काही लटकवू नका. ट्रेलर विकताना त्या स्टिकरकडे कुणी बोट दाखवत नाही.

म्हणून बंपर आणि फ्रेम जिथे भेटतात तिथे टॉर्च मारून नीट बघा. वेल्डच्या कडेने रंगात केसासारखी रेष, त्यातून तपकिरी गंजाचा ओघळ, किंवा दोन पत्रे एकमेकांवर घासून चकचकीत झालेली जागा, यातलं काहीही दिसलं तर तडा आहे असं धरूनच चाला. नुसता रंग तडकलाय की लोखंड, हे कळायला आपल्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांची घासलेट-खडूची युक्ती वापरा, इथेही ती तशीच चालते. रंग घासून लोखंड उघडं करायचं, घासलेट किंवा डब्ल्यूडी-४० लावायचं, पंधरावीस मिनिटं मुरू द्यायचं, फडक्याने कोरडं पुसायचं आणि वर पांढरा खडू फासायचा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल खडूवर हळूहळू ओलसर रेष काढतं. सायकली चढवून बघितलंत तर आणखी स्पष्ट दिसतं कारण तडा उघडतो. आणि बंपर गोल फिरतोय का बघायला लांब सरळ पट्टी बंपरवर उभी धरा, एक माणूस रॅकच्या बाहेरच्या टोकावर हाताने दाब देऊ दे, पट्टीचं वरचं टोक ट्रेलरच्या भिंतीपासून लांब जाताना दिसलं तर बंपर पिळतोय.

तडा नाही, बंपर नुसता पिळतोय, सायकली हलक्या आहेत, दोनच आहेत, तर बंपरला आधार देऊन भागतं. जाड लोखंडी पट्ट्यांचे स्ट्रट मिळतात, ते बंपरला वेढा घालतात आणि मागे फ्रेमच्या रेलला (लांब लोखंडी तुळईला) बोल्टने बसतात. ते असले की वेल्ड सुटला तरी बंपर हायवेवर पडत नाही, आणि मागे कुणाच्या अंगावर सायकलींसकट बंपर गेला तर काय होईल याचा विचार केला की हे स्वस्तच आहेत. पण दोन इ-बाइक किंवा चार सायकली बंपरवर न्यायच्या असतील तर माझं मत सरळ आहे, नाही. स्ट्रट लावून पण नाही.

मग काय करायचं, तर रिसीव्हर फ्रेमला. फ्रेमच्या दोन मुख्य रेल मागेपर्यंत येतात, त्यांच्यामध्ये आडवा जाड पाइप आणि त्यात रिसीव्हर. तयार मिळतात, रुंदीप्रमाणे सरकवता येणारे, किंवा वेल्डरकडून बनवून घ्यायचा. मला तयार आवडतो कारण त्याच्यावर रेटिंग लिहिलेलं असतं आणि उद्या ट्रेलर विकायचा झाला तर काढता येतो, पण फ्रेम वेडीवाकडी असेल, मागे स्पेअर टायरचा कॅरियर मध्ये येत असेल, किंवा रेल मागे निमुळत्या होत असतील तर बनवून घेतलेलाच नीट बसतो.

इथं लोक जिथे अडतात ते म्हणजे रेल दिसतच नाही. फिफ्थ व्हीलच्या पोटाला काळा प्लास्टिकचा पन्हळी पत्रा असतो, तो सगळं झाकून ठेवतो. मागच्या कडेचे स्क्रू काढून तो दोनेक फूट खाली वाकवा, पूर्ण काढायची गरज नाही. आत इन्सुलेशन, वायरी, कधी गॅसची लाइन, कधी टाकीचा कोपरा. जे दिसेल त्याचे फोटो काढून ठेवा, वेल्डरला फोनवरच दाखवता येतात, आणि ड्रिल कुठे मारायचं नाही हे तुम्हालाही नंतर आठवतं. रेल आय आकाराची असेल तर भोकं फक्त मधल्या उभ्या पट्टीत पाडायची, वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीत नाही, सगळा ताण तिथेच असतो. बोल्ट ग्रेड ८ चे (जास्त ताकदीचे), नटाखाली जाड वॉशर, टॉर्क रेंचने आवळा, आणि आवळून झालं की नट आणि बोल्टवर मिळून पेंटची एक रेघ ओढा. पुढच्या स्टॉपला ती रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना लावून बघायची गरज नाही.

वेल्ड करून घेत असाल तर ट्रेलरची बॅटरी सोडा, पिकअपला जोडलेला ७ पिनचा प्लग काढा, गॅसचे सिलिंडर बंद करा, आणि वेल्डरला तो प्लास्टिकचा पत्रा आणि इन्सुलेशन आधी दाखवा, कारण खालून झोपून वेल्ड करताना ठिणगी कुठे गेली ते त्याला दिसत नसतं. आणि ट्रेलर अजून वॉरंटीत असेल तर फ्रेमला ड्रिल किंवा वेल्ड करण्याआधी कंपनीला ईमेल करा. फोनवर कुणीही हो म्हणतं, ईमेलवर म्हणत नाही.

काही नवीन ट्रेलरना कंपनीचाच रिसीव्हर येतो. तो आहे म्हणून खूश होऊ नका, त्याच्यावरचा आकडा वाचा. कित्येकांवर ३०० पाउंड लिहिलेलं असतं आणि तो आकडा सगळ्याचा मिळून असतो, रॅकसकट. आणि खाली वाकून बघा तो खरंच फ्रेमला आहे का बंपरलाच वेल्ड केलाय. दोन्ही प्रकार बाहेरून अगदी सारखे दिसतात.

हे झाल्यावर मग रॅककडे वळा. पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये आरव्ही (राहायची गाडी) किंवा ट्रेलरसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. हॉलिवूड रॅक्सचा आरव्ही रायडर, याकिमाचा लाँगहॉल ही त्या वर्गातली नावं, स्वॅगमनचेही काही मॉडेल तसे आहेत. काही रॅकवर दोन आकडे असतात, कारला प्रति सायकल इतकं आणि ट्रेलरला त्याहून कमी, तर ट्रेलरचा आकडा धरायचा. सायकल काट्यावर घेऊन वजन करा, अंदाजाने नको, इ-बाइकचं वजन कंपनीने सांगितलेल्यापेक्षा मडगार्ड, कॅरियर, कुलूप लावून जास्तच भरतं. बॅटरी काढून आत ठेवली की प्रत्येक सायकलमागे सहासात पाउंड कमी होतात आणि पावसात कनेक्टरमध्ये पाणी जायचीही काळजी राहत नाही, फक्त बॅटरी काढलेल्या जागेवर झाकण किंवा टेप लावा.

एवढं सगळं करूनही हलतंय? मग प्रॉब्लेम रॅकच्या पुढे आहे, ट्रेलर स्वतःच जास्त उसळतोय. यात सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेली गोष्ट म्हणजे ट्रेलरची चाकं बॅलन्स केलेलीच नसतात. कारची करतो आपण, ट्रेलरची करायची हे सुचतच नाही. दुसरं म्हणजे स्प्रिंगांना जोडणाऱ्या पट्ट्यांमधले बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या. नवीन ट्रेलरला बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात आणि ते भसाभस झिजतात, तिथे पितळी बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट बसवून घेतले की फरक जाणवतो. तिसरं, ट्रेलर लेव्हल आहे का. आजकालचे पिकअप उंच, त्यामुळे फिफ्थ व्हील पुढून वर आणि मागून खाली झुकून चालतो, मागच्या ॲक्सलवर भार जातो आणि रॅक जमिनीच्या जवळ येतो. सपाट पार्किंगमध्ये पुढची आणि मागची उंची टेपने मोजून बघा. पिन बॉक्स (किंग पिन ज्याला बसवलेली असते तो भाग) वरखाली करायला भोकं असतात, पण त्याआधी हौद्याच्या कठड्यापासून ट्रेलरच्या नाकाडापर्यंत जागा किती उरते ते तपासा, साधारण साडेपाच-सहा इंच तरी लागते.

वजनाच्या बाबतीत फिफ्थ व्हील तसा दिलदार आहे. समजा ॲक्सलपासून पिन २० फूट पुढे आणि सायकली १४ फूट मागे. १९० पाउंड मागे लटकवले की पिनवरचं वजन साधारण १३३ पाउंडने कमी होतं आणि ॲक्सलवर ३२३ ने वाढतं. १२,००० पाउंडच्या ट्रेलरला पिनवर २० ते २५ टक्के, म्हणजे २,४०० ते ३,००० पाउंड असतात, त्यातून १३३ गेले तर काही बिघडत नाही. बॉलवर ओढायच्या ट्रेलरला मात्र टंगवर, म्हणजे पुढच्या जोडणीच्या दांड्यावर, १०–१५ टक्केच असतात, तिथून तेवढे काढले तर ट्रेलर हायवेवर साप झाल्यासारखा वळवळू शकतो, त्यामुळे तिकडे हा हिशेब आधी करायचा आणि रॅक नंतर घ्यायचा. फिफ्थ व्हीलवाल्यांनी बघायचं ते टायर. आधीच काठोकाठ भरलेले असतात, त्यात हे ३२३ पाउंड. भरलेला ट्रेलर एकदा ट्रक स्टॉपच्या काट्यावर घाला.

शिडीवर लटकवायचा रॅक मिळतो, स्वस्त आणि सुटसुटीत. साध्या दोन हलक्या सायकली असतील आणि रस्ता गुळगुळीत असेल तर चालून जातं म्हणणारे भेटतील. शिडी तिथे चारसहा स्क्रूंवर फायबरच्या पातळ भिंतीत बसलेली आहे, सततच्या हादऱ्याने स्क्रू मोठी भोकं करतात, तिथून पाणी आत जातं, आणि ते पाणी तुम्हाला दिसतं तेव्हा आतलं लाकूड कुजलेलं असतं. सायकल पडली तर नवीन घेता येते. भिंतीचं काम काढलं तर अख्खा सीझन गेला. छपरावरचा तर विचारच नको, आधीच ट्रेलर १३ फुटांच्या आसपास उंच, बऱ्याच राज्यांत मर्यादा १३ फूट ६ इंच, आणि ते छप्पर म्हणजे रबरी चादर आहे, एसटीचा टप नाही.

पुढच्या बाजूला ए आकाराच्या टंगवर बसणारे रॅक बघून काहीजण विचारतात, ते फिफ्थ व्हीलला बसत नाहीत, ए फ्रेमच नाही तिथे. पिकअपच्या पुढच्या बंपरखाली रिसीव्हर बसवून रॅक पुढे लावणारे बरेच आहेत आणि हादऱ्याच्या दृष्टीने ती जागा मागच्यापेक्षा कितीतरी बरी, सायकली डोळ्यांसमोरही राहतात. पण हेडलाइट झाकले जातात का ते रात्री भिंतीवर प्रकाश पाडून बघा, आणि रेडिएटरसमोर सायकली आल्या की घाटात इंजिनचं तापमान चढतं. डेनव्हरहून मोआबला जाताना आय-७० हायवेवर आयझेनहॉवर टनेल ११,००० फुटांच्या वर आहे, तिथपर्यंत पूर्ण लोडवर चढायचं म्हणजे रेडिएटरला मिळेल तेवढी हवा हवीच असते. अशा रूटला मी तरी पुढे सायकली लावणार नाही. टेक्सास, कॅन्सससारख्या सपाट भागात खुशाल लावा.

मागे लावल्यावर नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात, हे विसरून जायला होतं. प्लेट दिसली पाहिजे आणि रात्री तिच्यावर उजेड पाहिजे असा नियम जवळपास सगळीकडे आहे. प्लेट रॅकवर हलवायला छोटा ब्रॅकेट मिळतो दिव्यासकट. कॅलिफोर्नियात टेललाइटपासून ४ फूट किंवा जास्त बाहेर गेलं तर १२ इंची लाल किंवा भगवं चमकणारं निशाण लावावं लागतं, रात्री दिवे, बाकी राज्यांचे आकडे निघण्याआधी बघून घ्या. मागचा कॅमेरा खाली असेल तर तुम्हाला वाटभर सायकलीच्या स्पोकचं दर्शन.

आणि वळताना मागचं टोक बाहेर फिरतं. नुसत्या ट्रेलरचं फिरणं तुमच्या अंगवळणी पडलेलं असतं पण आता तो तीनचार फूट लांब झालाय. गॅस स्टेशनमध्ये पंपाजवळचे पिवळे खांब असतात ना, पुढचं चाक सुखरूप निघालं म्हणून हुश्श करता तोवर मागचं हँडल त्या खांबाला गेलेलं असतं. उताराची ड्राइव्ह-वे असेल तर तिरकं चढा, सरळ गेलात तर रॅक डांबर खरवडतो.

सायकलींना मोठं ताडपत्रीसारखं कव्हर घालून हायवेला निघू नका, त्यात वारा भरतो आणि इतका वेळ ज्याला आवळत होता ते सगळं एका दिवसात ढिलं होतं. फक्त सीट आणि कंट्रोलला छोटी कव्हरं घाला. दोन सायकलींमध्ये फोमची नळी, आणि पेडल स्पोकला लागत नाही ना एवढं बघा. जास्तीचा रॅचेट पट्टा बांधायचा तर तो सायकलींवरून घेऊन रॅकच्याच दांड्याला बांधा म्हणजे हादरा कमी होतो, शिडीला बांधू नका, नाहीतर सगळा हिसका त्या चारसहा स्क्रूंवर.

वाटेतच बंपरला तडा दिसला तर? सायकली लगेच उतरवा आणि ट्रेलरच्या आत घ्या, स्लाइड (बाहेर सरकणारी भिंत) बंद असली तरी मधल्या वाटेत दोन सायकली मावतात, चेनखाली जुनी चादर टाका आणि काउंटरच्या पायाला बांधा. रॅकही काढा, त्याचेच ६० पाउंड आहेत. बंपरमधला सांडपाण्याचा होज बाहेर काढून बादलीत ठेवा, स्पेअर टायर बंपरवर असेल तर तो पिकअपच्या हौद्यात. आणि मोबाइल वेल्डर बोलावलात तर तो म्हणेल तड्यावर एक टाका मारून देतो, जा तुम्ही. त्या टाक्यावर रिकामा बंपर घेऊन घरी जा, सायकली परत लटकवू नका, कारण पातळ पत्र्यावर जुन्या वेल्डशेजारी नवीन वेल्ड मारला की पुढचा तडा त्याच्या अगदी कडेला जातो.